पानी काय सांगस ते पाहू

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताईला आणायला शिरपूरला गेलो होतो. मुराळी म्हणून. आता ताई पंचेचाळीशीची, तिचा मुलगा आठवीत. तरी आखाजीला भाऊ घ्यायला आला नाही तर तिला माहेरी आल्यासारखं वाटत नाही, आणि एसटी दर तासाला असली तरी माझी आई मला घरी बसू देत नाही.

दुपारी दोनला निघालो. ४३ अंश. तापीचा पूल ओलांडला, नरडाणा मागे पडलं आणि बेटावदच्या अलीकडे भाचा म्हणाला, "मामा, पेट्रोलचा वास येतोय." मी म्हटलं, पुढे टँकर असेल. पुढे टँकर नव्हता. पुढे काहीच नव्हतं, नुसता डांबरी रस्ता आणि त्यावर थरथरणारी झळ. एसी चालू, काचा बंद. दहा मिनिटांनी त्याने काच खाली करायच्या आधीच ओकारी काढली. मागची सीट, ताईची साडी, आजीसाठी घेतलेली द्राक्षं, सगळं गेलं. उरलेला रस्ता आम्ही काचा उघड्या टाकून आलो. ज्यांनी वैशाखातल्या दुपारी खान्देशात काचा उघड्या टाकून गाडी चालवली आहे त्यांना तो वारा सांगायची गरज नाही.

खरं म्हणजे वास मला माहीत होता. होळीपासून येत होता. सकाळी गाडीचं दार उघडलं की यायचा, गाडी चालू लागली की जायचा. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला स्पष्टीकरण तयार असतं: ऊन आहे, पेट्रोल उडतंय, चालायचंच. चैत्रात तर मी गाडी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवूनही आणली होती. तिथल्या पोराने स्टिअरिंगखाली स्कॅनर लावला, टॅबवर बोट फिरवलं आणि मला स्क्रीन दाखवली: एकही दोष नाही. "सर, गाडीत काही असतं तर इथे आलं असतं." थ्रॉटल साफ केला, इंजेक्टर साफ करायचं औषध टाकीत ओतलं, २,८०० रुपये घेतले. वास तसाच. पीयूसी काढली, तीही पास. म्हणजे दोन कागद माझ्या बाजूने होते आणि नाक विरुद्ध बाजूने. मी कागदांचं ऐकलं.

भाच्याच्या ओकारीनंतर ते जमेना. शाळेतल्या शिपायाने जिभाऊंचं नाव सुचवलं. धुळे रोडला एका लिंबाखाली त्यांचं गॅरेज. गॅरेज म्हणजे पत्र्याची एक खोली, बाकी सगळं काम लिंबाखाली. बारा वर्षं आखातात अमेरिकन गाड्यांवर काम करून माणूस परत आला, कारण शेतीची वाटणी निघाली. शेती मिळाली अडीच एकर, म्हणून पुन्हा पाना हातात घेतला. सगळं गाव त्यांना जिभाऊच म्हणतं, मीही तेच म्हणतो.

"काय तरास शे?"

वास सांगितला.

"वास पुढे येस का मांगे?"

मला सांगता येईना. होळीपासून त्या वासात बसतोय आणि वास पुढून येतो की मागून, माहीत नाही. म्हटलं, मुलगा मागे बसला होता, त्याला जास्त आला. त्यांनी मान हलवली. गाडी उन्हात उभी असते की सावलीत, टाकी किती भरता, भरल्यानंतर गाडी लगेच चालू होते का, की दोन-तीनदा चावी फिरवावी लागते? शेवटच्या प्रश्नाला मी चमकलो. फुल टाकी केली की पहिल्या वेळी गाडी हमखास खोकायची. मला वाटायचं पंपावरच्या पेट्रोलचा दोष.

"मागे काय काय काम झालं गाडीचं?"

"टायर. बॅटरी. क्लच प्लेट."

"बस?"

"बस."

ही "बस" लक्षात ठेवा.

मला वाटलं ते लगेच बॉनेट उघडतील. त्यांनी गाडीला हातही लावला नाही. "आज नही. सकाय सात वाजता या. अर्धी टाकी पाहिजे, फुल नको, रिकामी नको. आणि रात्री गाडी सावलीत लावा." मी जरा खट्टू झालो, पण कारण नंतर कळलं. तापलेल्या टाकीत पेट्रोलची वाफ स्वतःच दाब तयार करत असते. अशा टाकीवर गळतीची परीक्षा घेतली तर आपण भरलेला दाब कुठला आणि पेट्रोलने केलेला कुठला, हे कळायला मार्ग नसतो. गळती असूनही पाणी स्थिर दिसेल. टाकी भरलेली असेल तर वाफेला जागाच नाही आणि अगदी रिकामी असेल तर एवढी जागा भरायला वेळ लागतो. म्हणून थंड गाडी, अर्धी टाकी.

पाण्याचं काय ते सकाळी दिसलं.

सातला पोचलो तेव्हा जिभाऊंनी लिंबाच्या खोडाला एक फळी टांगली होती. त्या फळीवर गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी यू आकारात खिळ्यांनी बसवलेली, आत निळीचं पाणी, मागे शिवणकामाची टेप चिकटवलेली. दोन ठिकाणी लाल रेघा: ३५ आणि २०. मी वीस वर्षं नववीच्या वर्गात फळ्यावर हे चित्र काढतोय. यू नळी, दोन बाजूंना पाणी, एका बाजूला दाब दिला की दुसरी बाजू वर. पोरं विचारतात, सर, हे कुठे वापरतात? मी म्हणतो, प्रयोगशाळेत. कुठे वापरतात ते मलाही त्या सकाळी पहिल्यांदा दिसलं.

"३५ का?"

"तिकडचं माप. चौदा इंच पाणी." अमेरिकेत गाड्यांच्या तपासणीत ही परीक्षा होती: वाफेची सगळी वाट चौदा इंच पाण्याएवढ्या दाबाने भरायची आणि दोन मिनिटं बघायचं. आठ इंचांच्या वर राहिली तर पास. चौदा इंच म्हणजे साडेपस्तीस सेंटिमीटर, आठ म्हणजे वीस. दाब म्हणून बघाल तर हा अगदीच किरकोळ, अर्धा पीएसआय. टायरमध्ये आपण तीस-बत्तीस भरतो. इथे टायरची हवा मारली तर टाकी फुगेल, कोळशाचा डबा फाटेल, सील उडतील. पाण्याची नळी नुसतं मोजत नाही, जास्त दाब झाला तर पाणी उडून बाहेर पडतं आणि गाडी वाचते. लिंबाखालच्या मातीवर निळे डाग होते, त्यावरून ही वाचवावाचवी आधी झालेली दिसत होती.

कोळशाच्या डब्याबद्दल सांगायला हवं, कारण मला स्वतःला तो गाडीत आहे हे माहीत नव्हतं. पेट्रोल टाकीत नुसतं पडून असतं तरी त्याची वाफ होत राहते. पूर्वी ती झाकणातून सरळ हवेत जायची. कॅलिफोर्नियाने १९७० साली ती अडवायला लावली, सगळ्या अमेरिकेत १९७१ पासून. तेव्हापासूनची युक्ती आजही तीच: टाकीपासून एक नळी डब्यात, डब्यात सक्रिय कोळसा. या कोळशाला एवढी बारीक छिद्रं असतात की एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या घरात जातो, आणि वाफ त्यावर चिकटून राहते. इंजिन चालू झालं की एक छोटा विजेवरचा व्हॉल्व्ह, पर्ज व्हॉल्व्ह, उघडतो. इंजिन डब्यातून हवा ओढून घेतं, चिकटलेली वाफ सुटते आणि सिलिंडरमध्ये जळते. म्हणजे गाडी उभी असताना डबा भरतो आणि चालताना रिकामा होतो. कपाशीच्या गाडीसारखं, जिनिंगला खाली केली की पुन्हा शेतात.

ही वाट सगळीकडून बंद असेल तरच हे चालतं. एक नळी चिरली, एक सील बसलं नाही, की वाफ कोळशाकडे जायचे कष्ट घेत नाही.

मग स्कॅनरला का दिसलं नाही? हे मी जिभाऊंना जरा तावातच विचारलं. ते हसले. तिकडच्या गाड्या स्वतःची परीक्षा स्वतः घेतात. १९९६ पासून एक मिलिमीटरच्या छिद्राएवढी गळती ओळखणं त्यांना सक्तीचं झालं, पुढे २००० च्या मॉडेलांपासून अर्ध्या मिलिमीटरची. मोठी गळती असेल तर दोषाचा क्रमांक पी ०४५५, लहान तर पी ०४४२, अगदी बारीक तर पी ०४५६. दिवा लागतो, माणूस घाबरून गॅरेजला येतो आणि निम्म्या वेळा झाकण नीट न लावल्याचं निघतं. आपले नियम युरोपच्या वळणाचे. तिथे पर्ज व्हॉल्व्हची वायर जोडलेली आहे की नाही एवढं गाडीने बघितलं तरी किमान अट पुरी होते. नळी तुटली, रबर सुकलं, तर माझ्या २०१८ च्या बीएस-४ गाडीला ते कळायची सोयच नाही. त्या पोराचा स्कॅनर खोटं बोलला नव्हता. त्याला जे विचारताच येत नाही त्याचं उत्तर मी "नाही" असं वाचलं. पीयूसीचंही तेच, ती नळी सायलेन्सरमध्ये घालतात आणि माझं पेट्रोल सायलेन्सरपर्यंत पोचतच नव्हतं.

नवी गाडी बाजारात येण्याआधी मात्र ही परीक्षा होते. गाडी एका बंद खोलीत ठेवतात आणि खोलीच्या हवेत किती वाफ जमली ते मोजतात. एका चाचणीत २ ग्रॅमची मर्यादा. युरोपात या चाचणीत दिवसभराचं तापमान २० अंशांवरून ३५ पर्यंत नेतात. ३५! आमच्याकडे होळीच्या आधीच रात्रीच्या गप्पांत हा आकडा येतो.

तर काम. बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. माझा फोन आणि हेल्पर पोराची बिडी दोन्ही खोलीत ठेवायला लावली. पोराने बिडी कानावर ठेवली होती, ती जिभाऊंनी स्वतः उचलली. बॉनेट उघडून पर्ज व्हॉल्व्हची नळी सोडवली आणि व्हॉल्व्हच्या तोंडाला लावून फुंकर मारली. वीज नसताना हा बंदच राहायला हवा. फुंकर गेली नाही. "हा चांगला शे." मग मोकळ्या झालेल्या नळीला टी जोडला, एक फाटा निळ्या पाण्याकडे, दुसरा बीपी मोजायच्या मशीनच्या काळ्या फुग्याकडे. हो, डॉक्टरकडे दंडाला पट्टा बांधून दाबतात तोच फुगा. मशीन बिघडलं की फुगा जिभाऊंकडे येतो, कंपाउंडरशी तसा करार आहे.

आमच्या गाडीत डब्याला बाहेरची हवा घ्यायला एक उघडं तोंड असतं. अमेरिकन गाड्यांत तिथे दुसरा एक व्हॉल्व्ह असतो आणि तो संगणकावरून बंद करता येतो. आमच्यात नाही, म्हणून तिथे रबरी बूच. आता सगळी वाट बंद.

"दाबा."

फुगा मला दिला. एक, दोन, पाच. निळं पाणी एका बाजूने खाली, दुसऱ्या बाजूने वर सरकू लागलं. मला लहान पोरासारखा आनंद झाला. दहा, पंधरा, वीस. फरक १८ सेंटिमीटर. तीस. २०. चाळीस. २०. हात भरून आला. थांबलो की पाणी भराभर उतरायचं, दाबलं की तेवढ्यापुरतं वर यायचं. फुटक्या माठात पाणी भरतोय असं वाटत होतं.

जिभाऊंनी पेट्रोल टाकीचं झाकण काढून आणलं आणि माझ्यासमोर त्याच्या आतल्या रबरी कड्यावर नख दाबलं. चांगल्या रबरात नख रुततं आणि खूण भरून येते. इथे खूण पडेना. काचेसारखं कडक, आणि एका जागी केसाएवढी भेग. सहा उन्हाळे. त्यांच्याकडे पत्र्याच्या डब्यात जुनी-नवी झाकणं होती, त्यातलं आमच्या मापाचं काढून लावलं.

पुन्हा फुगा. या वेळी वीस-बाविसाव्या दाबाला पाणी ३५ च्या रेघेवर. मी म्हटलं, "झालं! झाकणच होतं." पाचशे रुपयांत सुटलो या हिशोबाने मी खिशाकडे हातसुद्धा नेला.

"घाई करू नको. पानी काय सांगस ते पाहू."

त्यांनी भिंतीवरचं घड्याळ बघितलं. आम्ही दोघं त्या फळीसमोर उभे. पाणी सावकाश, पण न थांबता उतरत होतं.  एक मिनिटाला २३. दोन मिनिटांना १४. वीसच्या रेघेच्या खाली.

म्हणजे झाकण हा एक चोर, आणि आत आणखी एक.

मी झाकण लावून घरी गेलो असतो. वासही निम्म्याने कमी झाला असता आणि मी त्याला बरं झालं म्हटलं असतं. हे मला तिथे उभं असतानाच कळत होतं आणि जरा ओशाळल्यासारखं वाटत होतं.

आता दुसरा कुठे ते शोधायचं. जिभाऊंनी आधी वाट मध्येच कापली: डबा आणि टाकी यांच्यामधली नळी चिमट्याने दाबून धरली, आणि फुगा पुन्हा. इकडच्या बाजूला जागा थोडी, तीन-चार दाबांत ३५. दोन मिनिटं. ३५. तसूभर हललं नाही. म्हणजे डबा, पुढची लांब नळी, सगळं ठीक. गळती टाकीच्या बाजूला. तिथे टाकीचा गळा, गळ्याला जोडलेल्या दोन नळ्या, गाडी उलटली तर पेट्रोल अडवणारा व्हॉल्व्ह, आणि टाकीच्या माथ्यावर जिथे पंप बसतो ते भोक. जिभाऊंनी गाडीखाली शिरून हाताला येतील तेवढ्या जोडांवर साबणाचं पाणी सोडलं. फुगे आले नाहीत. पण टाकीच्या माथ्यापर्यंत हात जात नाही. टाकी उतरवायची तर अर्धा दिवस.

"धूर लावू."

धुराचं यंत्र त्यांनी स्वतः केलेलं. जुन्या डिझेल जीपचा ग्लो प्लग एका स्टीलच्या बंद डब्यात बसवलेला, डब्यात पांढरं तेल, म्हणजे मेडिकलमध्ये मिळतं ते लिक्विड पॅराफिन. प्लग तापला की तेलाचा दाट पांढरा धूर होतो. धूर ढकलायला हवा नाही, नायट्रोजन. शेजारी फ्रीज-एसी दुरुस्तीवाला आहे, त्याच्याकडचा लहान सिलिंडर दोन टप्प्यांच्या रेग्युलेटरसकट उसना. फुग्याने तर आपण हवाच भरली, मग इथे हवा का नको, असं मी विचारलं. फुग्यात विस्तव नव्हता, ते म्हणाले. पेट्रोलची वाफ हवेत दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान असली की एका ठिणगीचं काम. त्याहून दाट असली तर पेटत नाही, पण ती किती दाट आहे हे डोळ्याने कोण सांगणार? तापलेला प्लग आणि पेट्रोल यांच्यामध्ये नायट्रोजनच बरा. धुराचा डबा त्यांनी लिंबापासून दहा-बारा फूट लांब ठेवला, वेगळ्या बॅटरीवर. इंटरनेटवर बघून हे घरी करायचा विचार कोणाच्या डोक्यात येत असेल तर नको. माझ्याही डोक्यात आला होता.

धूर आत जायला लागला की आधी काहीच होत नाही. त्यांनी झाकण क्षणभर उघडून गळ्यातून धूर बाहेर येऊ दिला, म्हणजे आतली जागा धुराने भरली हे कळलं. मग झाकण बंद. निळं पाणी हळूहळू चढलं. हेल्पर गाडीखाली टॉर्च घेऊन आडवा. जिभाऊ मागच्या चाकाच्या कमानीत. मला काही काम नव्हतं म्हणून मागचं दार उघडून उभा होतो.

आणि मीच पाहिला. मागच्या सीटची गादी आणि दार यांच्यामधल्या फटीतून दोऱ्याएवढा धूर वर येत होता. देवासमोरच्या उदबत्तीसारखा, सरळ, शांत. भाचा जिथे बसला होता बरोबर तिथे.

"धूर निंघना!" म्हणजे धूर निघाला, हेल्पर माझ्या मागून ओरडला.

गादी उचलली. खाली द्राक्षाच्या तीन बिया, एक गोटी, ताईच्या पिशवीतला बिस्किटाचा कागद, आणि चटईखाली लोखंडी झाकणी. झाकणीचे स्क्रू सोडवले. टाकीचा माथा, मधोमध पंपाची गोल टोपी आणि तिला आवळणारी कडी. धूर त्या कडीखालून, एकाच बाजूने.

जिभाऊंनी कडीवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं. "पंप कधी काढला होता?"

दिवाळीत. दिवाळीत पंप गेला होता. पाचोऱ्याहून येताना रस्त्यात गाडी बंद पडली, जवळच्या गॅरेजने दुसऱ्या दिवशी नवा पंप बसवला. मी टायर सांगितले, बॅटरी सांगितली, क्लच प्लेटसुद्धा सांगितली. पंप विसरलो. आणि आता नुसता पंप नाही, सगळंच आठवलं. त्या गॅरेजच्या पोराने मला विचारलं होतं, "सर, सील नवीन मागवू का? संध्याकाळपर्यंत येईल." मी म्हटलं होतं, जुनं दिसतंय ना चांगलं, तेच बसव, मला घरी लक्ष्मीपूजन आहे.

कडी उघडली. रबरी सील एका जागी मुडपून चाकूच्या पात्यासारखं उभं राहिलं होतं. पेट्रोलच्या सहवासात हे रबर फुगतं. एकदा खोबणीतून बाहेर काढलं की परत त्या मापात बसत नाही. दाबून बसवलं तर कुठेतरी मुडपतं. म्हणून ते एकदाच वापरायचं असतं. नव्याची किंमत १९० रुपये. घरी येऊन मी त्या १४ सेंटिमीटरवरून भोकाचा हिशोब मांडला, टाकीतली रिकामी जागा वीस लिटर धरून. साधारण एक तृतीयांश मिलिमीटर आलं. गृहीतकं भरपूर आहेत, बोर्डाचा पेपर तपासणारा मला अर्धेच गुण देईल. पण म्हणजे अमेरिकेतल्या गाडीनेही त्याच्यावर दिवा लावायची सक्ती नव्हती. भाच्याच्या पोटाने मात्र लावला.

सील धुळ्याहून यायला दुपार झाली. तोवर जिभाऊंनी डबा उतरवून हलवून बघितला. आतून डुचमळल्यासारखा आवाज. कोळशाच्या डब्यात वाफ जावी, पेट्रोल नाही, आणि पेट्रोल तिथे कसं गेलं हा प्रश्न त्यांनी मला विचारलाच नाही. "राउंड फिगर करता ना?"

करतो. सगळेच करतात. नोझल टक् करून बंद पडतं तेव्हा मीटर १,४६३ वगैरे दाखवत असतं, पोरगा विचारतो पंधराशे करू का, आपण म्हणतो कर. तो नोझल अर्धवट दाबत गळ्यापर्यंत पेट्रोल भरतो. ते टक् उगाच नसतं; वाफेला आणि प्रसरणाला वरची जागा सोडलेली असते. पस्तीस लिटर पेट्रोल वीस अंशांनी तापलं तर अर्ध्या लिटरहून जास्त फुगतं. जमिनीखालच्या टाकीतलं गार पेट्रोल माझ्या गाडीत येतं, गाडी शाळेच्या पटांगणात उन्हात उभी राहते, आणि वाढलेलं अर्धा लिटर वाफेच्या नळीतून सरळ कोळशात. ओल्या कोळशात वाफ धरायला जागा उरत नाही. फुल टाकीनंतर गाडी खोकायची तीही त्यामुळेच. इंजिन डब्यातून हवेच्या जागी पेट्रोलच ओढत होतं.

नवा डबा महाग होता. जिभाऊंनी तो उलटा करून लिंबाखाली एका भांड्यावर दोन तास टांगला, थेंब थेंब निथळला. कोळशाचे दाणे बाहेर येत नव्हते, म्हणजे आतली जाळी शाबूत होती. "चार टाक्या राउंड फिगर नको. उरेल ते इंजिन खाई टाकी." खाई टाकी, म्हणजे खाऊन टाकेल, हे त्यांचं शब्दशः. नाही सुधारला तर पावसाळ्यानंतर बदलू असं ठरलं.

तीन वाजता नवं सील, नवं झाकण, चिमटे काढलेले, बूच लावलेलं. आता गाडी तापली होती, म्हणून निकालाची परीक्षा पुन्हा दुसऱ्या सकाळी. मला वाटलं होतं ते म्हणतील जा आता, झालं. नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी सातला मी हजर, बरोबर भाचा. त्याला पाणी बघायचं होतं. फुगा त्यानेच दाबला. ३५. जिभाऊंनी त्याला घड्याळ धरायला दिलं. दोन मिनिटांनी त्याने टेपवर वाकून वाचलं, "तेहेतीस." मग मला न विचारता आणखी दोन मिनिटं तिथेच बसून राहिला. "अजून बत्तीसच्या वर आहे, मामा."

एकूण बिल १,९५० रुपये झालं, झाकण आणि सील धरून. धुराचे पैसे वेगळे लावले नाहीत. नायट्रोजनसाठी शेजाऱ्याला चहा पाजा म्हणाले, तो पाजला.

आखाजी उरकून आठवड्याने ताईला शिरपूरला सोडायला निघालो. मागच्या सीटवर आंब्याची पेटी, सांजोऱ्यांचा डबा आणि त्यांच्यामध्ये भाचा. काचा बंद, एसी चालू. गाव सोडायच्या आधी पंपावर थांबलो. नोझल टक् झालं. मीटर १,२३८.

"साडेबाराशे करू का, सर?"

मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला, "नाही!" पंपावरच्या पोराने आत वाकून बघितलं, हसला, नोझल काढलं. त्याच्याकडे सुट्टे दोन रुपये नव्हते. दोन चॉकलेटं दिली, ती मागे गेली.